पायाखालची जमीन उचलते तेव्हा

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये पोलाद कारखान्याच्या कामगारांची जुनी वसाहत आहे. नागपूर-गोंदियाकडून नोकरीसाठी आलेली आणि आता तिथलीच होऊन गेलेली मराठी कुटुंबेही या गावात आहेत. छत्तीसगडात काळ्या चिकण मातीला ‘कन्हार’ म्हणतात. ही माती ज्यांच्या घराखाली असते, त्यांना एक अनुभव दरवर्षी येतो. मे महिन्यात अंगणाला भेगा पडतात आणि भिंतीवर एक बारीक चीर उमटते. जुलैत पाऊस लागला की अंगणातली भेग मिटते, दार मात्र चौकटीत अडकू लागते. घरातली मुले विचारतात, ‘‘जमीन वर आली का?’’ मोठी माणसे हसून सोडून देतात.

पण मुलांचे खरे असते! चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. तिच्यासोबत घराचा पाया केसभर वर-खाली होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात घर बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याला हे ठाऊक असते. म्हणूनच तो पाया मुरमापर्यंत खोल नेतो.

जगात अशीही गावे आहेत, जिथे जमीन केसभर नव्हे, तर माणसाच्या छातीइतकी वर येते आणि पुन्हा खाली बसते. त्याचा पावसाशी काही संबंध नसतो. तिथे फुगते ती माती नाही. त्याखालचा खडक उचलला जातो, कारण त्याच्याही खाली ज्वालामुखी असतो. अशा गावातल्या माणसांना भिंतीला तडा गेला की एकच प्रश्न पडतो : राहायचे की निघायचे?

तीन खांबांची साक्ष

इटलीत नेपल्स शहराच्या पश्चिमेला, समुद्राच्या काठी पोझ्झुओली नावाचे गाव आहे. रोमन काळात ते मोठे बंदर होते. तिथे १७५० साली उत्खनन झाले. त्यात एक भव्य चौक आणि संगमरवराचे तीन उभे खांब मिळाले. सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून लोकांनी त्याला देऊळ म्हटले. पुढे कळले की ती रोमन लोकांची बाजारपेठ होती.

हे खांब सुमारे बारा मीटर उंच आहेत. त्यांचा खालचा भाग गुळगुळीत आहे. जमिनीपासून साडेतीन मीटरच्या वर मात्र एक पट्टा असा दिसतो, की त्यात असंख्य बारीक भोके पडली आहेत. ही भोके कोणा कारागिराने पाडलेली नाहीत. खडक पोखरून त्यात घर करणारा, खजुराच्या आकाराचा एक शिंपला समुद्रात असतो. ही त्याची कामगिरी. तो जगतो फक्त समुद्राच्या पाण्यात.

मग हा शिंपला बाजारातल्या खांबावर, एवढ्या उंचीवर चढला कसा? त्याचे उत्तर एकच. खांब चढवले तेव्हा जमीन कोरडी होती. नंतर ती हळूहळू समुद्रात बुडाली, इतकी की निम्मा खांब पाण्यात गेला. खालचा भाग गाळात पुरला गेला म्हणून तो वाचला. वरचा पट्टा शिंपल्यांनी पोखरला. पुढे जमीन पुन्हा वर आली आणि खांब कोरडे झाले. विशेष म्हणजे एवढ्या उलथापालथीत ते पडले नाहीत, कारण सगळे अतिशय संथपणे घडले.

चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने १८२८ साली हे खांब पाहिले. त्याने आपल्या भूशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथाच्या सुरुवातीलाच, १८३० मध्ये, त्यांचे चित्र छापले. जमीन ही अचल गोष्ट नाही, हे सांगायला त्याला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता. जमिनीच्या या संथ हालचालीला शास्त्रज्ञ ‘ब्रॅडिसिझम’ म्हणतात. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘मंद हालचाल’ एवढाच.

पोझ्झुओलीच्या समोरच्या बाईया गावात तर रोमन धनिकांचे वाडे आजही समुद्राच्या तळाशी आहेत. फरशीवरची रंगीत नक्षी पाहायला पर्यटक पाण्याखाली उतरतात.

तव्यावरची भाकरी

हे घडते कसे? त्यासाठी स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की आतल्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती वरचा पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. पापुद्र्याला भोक पडले की वाफ निघून जाते आणि भाकरी बसते.

पोझ्झुओलीचा सगळा परिसर म्हणजे एक खचलेला ज्वालामुखी आहे. त्याला ‘कांपी फ्लेग्रेई’, म्हणजे जळती शेते, असे नाव आहे. डोंगराचे एक टोक आणि त्यावर मुख, असे त्याचे रूप नाही. बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची ती एक प्रचंड कढई आहे. तिचा काही भाग जमिनीवर, तर काही भाग समुद्राखाली आहे. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी तिथे महाभयंकर उद्रेक झाले. पोटातला शिलारस बाहेर पडल्यावर वरचे छत खाली कोसळले आणि ही कढई तयार झाली.

तिच्या खाली, काही किलोमीटर खोल, आजही उष्णता आहे. शिलारसातून निघणारे वायू वर चढतात आणि खडकाच्या फटींतले पाणी तापवतात. त्यांना वाट मिळाली नाही की दाब वाढतो आणि वरची जमीन उचलली जाते. कधी खालून ताजा शिलारसच घुसतो आणि तोही जमीन उचलतो. वायू हळूहळू निघून गेले, की जमीन बसते. जमीन ताणली गेली की खडक तडकतात आणि लहान-लहान भूकंप होत राहतात.

म्हणजे भाकरी फुगली एवढे दिसते. पण ती वाफेने फुगली की खालून निखारा वर सरकला, हे बाहेरून पटकन कळत नाही. सगळी चिंता इथेच आहे. वाफ असेल तर जमीन पुन्हा बसेल. शिलारस वर येत असेल तर उद्रेकही होऊ शकतो.

समुद्र मागे हटला

पोझ्झुओलीच्या लोकांनी दुसरी शक्यताही पाहिली आहे. १५३८ सालची गोष्ट. त्याआधी कित्येक वर्षे जमीन वर येत होती. सप्टेंबरच्या अखेरीस ती इतक्या वेगाने उचलली, की किनाऱ्यावरचा समुद्र मागे हटला आणि मासे कोरड्यावर तडफडू लागले. लोक आनंदाने टोपल्या घेऊन मासे वेचायला धावले.

दुसऱ्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, जमीन फाटली. राख आणि दगडांचा वर्षाव सुरू झाला. आठवडाभरात तिथे सुमारे १३० मीटर उंचीची नवी टेकडी उभी राहिली. त्रिपेरगोले नावाचे गाव तिच्याखाली कायमचे गाडले गेले. उद्रेक थांबला असे वाटून काही लोक टेकडी पाहायला चढले, तेव्हा शेवटचा स्फोट झाला आणि त्यात चोवीस जण दगावले. त्या टेकडीचे नावच आज ‘नवा डोंगर’ असे आहे.

खोटा इशारा की खरी सावधगिरी?

यानंतर चारशे वर्षे जमीन हळूहळू खचत राहिली. लोक निर्धास्त झाले. १९६९च्या सुमारास ती पुन्हा वर येऊ लागली. घरांच्या भिंती तडकल्या. २ मार्च १९७० रोजी सरकारने निर्णय घेतला, की गावाचा सर्वांत जुना भाग रिकामा करायचा. समुद्रात घुसलेल्या खडकावर वसलेल्या या वस्तीचे नाव रियोने तेर्रा. तिथे सुमारे तीन हजार माणसे राहत होती, बहुतेक कोळी आणि कष्टकरी. सैनिक आले, ट्रक आले. हाताला लागेल ते सामान घेऊन कुटुंबे निघाली.

उद्रेक झाला नाही. दोन वर्षांत जमीन सुमारे दीड मीटर वर येऊन थांबली. पण रियोने तेर्राची कुटुंबे आपल्या घरात परत गेली नाहीत. ती वस्ती दीर्घकाळ ओस पडली. पुढे तिच्याखालचे रोमन रस्ते आणि दुकाने उकरली गेली. आज पर्यटक तिकीट काढून ती पाहतात.

१९८२ ते १९८४ या काळात पुन्हा तेच घडले. या वेळी जमीन सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर वर आली. हजारो लहान धक्के बसले. सुमारे चाळीस हजार लोकांना घरे सोडावी लागली. त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाची नवी वसाहत बांधली गेली. बंदराचा तळ इतका वर आला, की नौकांना धक्क्याला लागता येईना. म्हणून खालच्या पातळीवर नवा धक्का बांधावा लागला. आणि १९८४च्या अखेरीस, कसलाही उद्रेक न होता, जमीन वर येणे थांबले. मग ती बसू लागली.

दोनदा इशारा, दोनदा विस्थापन आणि दोन्ही वेळा काहीच झाले नाही! ज्याचे घर गेले, शेजार गेला, मुलांची शाळा बदलली, त्याने शास्त्रज्ञांविषयी काय मत बनवावे? धरणासाठी गाव सोडलेल्या कोयनाकाठच्या माणसाला हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. तिथे निदान धरण तरी उभे राहिले. इथे तर ज्याच्या भीतीने घर सोडले, ते संकट आलेच नाही.

राबाऊलचा धडा

या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मिळते. पापुआ न्यू गिनी या देशात राबाऊल हे बंदराचे शहर आहे. तेही अशाच खचलेल्या ज्वालामुखीच्या कढईत वसलेले. १९३७ साली तिथे उद्रेक होऊन सुमारे पाचशे माणसे मृत्युमुखी पडली होती.

१९८३ मध्ये राबाऊलची जमीन झपाट्याने वर येऊ लागली. धोक्याचा इशारा दिला गेला. नकाशे तयार झाले, रस्ते ठरले, शाळांतून आणि वस्त्यांतून स्थलांतराच्या रंगीत तालमी झाल्या. १९८५ पर्यंत सगळे शांत झाले. इथेही लोकांना वाटले, फुकटचा घोर लावला.

नऊ वर्षांनी, १८ सप्टेंबर १९९४च्या पहाटे, जोराचे धक्के बसले आणि मग ते थांबेनात. किनाऱ्यालगतची जमीन बघता बघता पाण्याबाहेर आली. या वेळी वर्षे-दोन वर्षे मिळाली नाहीत. जेमतेम सत्तावीस तास मिळाले. पण लोकांना कुठे जायचे ते माहीत होते. १९३७ पाहिलेल्या म्हाताऱ्यांनी खूण ओळखली. अधिकृत हुकूम येण्याची वाट न पाहता हजारो लोक रात्रीतून चालू लागले. १९ सप्टेंबरच्या सकाळी शहराच्या दोन बाजूंचे दोन ज्वालामुखी एकाच वेळी फुटले. राखेच्या वजनाने शहराची छपरे कोसळली. शहर उद्ध्वस्त झाले. पण प्राण गमावणाऱ्यांची संख्या पाचच्या आसपास राहिली.

१९८३चा इशारा तेव्हा ‘खोटा’ ठरला होता. अकरा वर्षांनंतर हजारो जीव वाचले ते त्याच इशाऱ्यामुळे, त्या वेळी केलेल्या तालमींमुळे.

आपल्या दख्खनचे काय?

हे वाचून मराठी माणसाच्या मनात शंका येणारच. सह्याद्री तर ज्वालामुखीच्या खडकाचाच! मग आपल्या पायाखाली काय आहे?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा काळा बसाल्ट पसरला आहे. घाटातून जाताना डोंगराच्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. पण ज्या चुलीवर हे सगळे शिजले, ती चूल आता आपल्याखाली नाही. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आला आणि चूल मागे राहिली. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली ती आजही पेटलेली आहे. चूल जागेवर आणि तवा सरकला, असे म्हणा ना! रियुनियनचा ज्वालामुखी आजही फुटण्यापूर्वी थोडा फुगतो.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला. किल्लारीने तर दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. या दोन्हींचा ज्वालामुखीशी संबंध नव्हता. तिथे जुने खडक ताणाखाली तुटले. कोयना परिसरात संशोधनासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट लागला आणि त्याखाली लागला तो थंड, घट्ट ग्रॅनाइट. शिलारसाचा मागमूस नाही.

मग दख्खनची जमीन अगदी अचल आहे का? तसेही नाही. १८७०च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक बांधताना कामगारांना ओहोटीच्या रेषेच्याही खाली, चिखलात, जुने जंगल सापडले. खैराची तीनशेहून अधिक झाडे होती आणि त्यांतली पुष्कळशी मुळांवर उभीच होती! खैर काही समुद्रात उगवत नाही. म्हणजे ज्या जागी आज बोटी लागतात, तिथे कधीकाळी कोरडे रान होते. समुद्राची पातळी वाढली आणि त्या बाजूची जमीनही खचली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पोझ्झुओलीला शिंपल्यांनी साक्ष दिली. मुंबईत ती खैराच्या खोडांनी दिली. फरक एवढाच, की मुंबईची ही हालचाल हजारो वर्षांच्या हिशेबातली आहे आणि तिच्यामागे जळता निखारा नाही.

आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी म्हणजे अंदमानचे बॅरन बेट. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ साली तो पुन्हा जागा झाला. तिथे मनुष्यवस्ती नाही, हे आपले भाग्य.

भिलाईचा पाया तर दख्खनहूनही जुना. कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणींतला दगड शंभर कोटी वर्षांहूनही जुन्या उथळ समुद्रात साचलेला आहे. आज जिथे झोतभट्ट्या धगधगतात, त्या भागात कधीकाळी लाटा होत्या. समुद्रसपाटीखालची जमीन वर आली, पण त्याला युगे लागली.

आज पोझ्झुओलीत

पोझ्झुओलीची जमीन २००५ पासून पुन्हा वर येत आहे. वीस वर्षांत ती १ मीटर ४० सेंटिमीटरच्या आसपास उचलली गेली. २० मे २०२४ रोजी तिथे ४.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे दीड हजार लोकांना तडकलेली घरे सोडावी लागली. मार्च २०२५ मध्ये त्याहून थोडा मोठा, ४.६ तीव्रतेचा धक्का बसला. बंदराचा तळ वर आल्यामुळे कोळ्यांच्या होड्या पुन्हा चिखलात रुतल्या. धोक्याच्या क्षेत्रात पाच लाख लोक राहतात. उद्रेकाची चिन्हे दिसली तर बहात्तर तासांत सर्वांना बाहेर काढायचे, अशी सरकारची योजना आहे.

यातले पुष्कळ जण जायला तयार नाहीत. आजोबांनी १९७० मध्ये घर सोडले, वडिलांनी १९८३ मध्ये सोडले. आता नातवाने तरी का सोडावे? हा हट्ट वेडेपणाचा वाटेल, पण तो समजण्यासारखा आहे.

म्हणून मोजणाऱ्यांची जबाबदारी वाढते. १८४१ साली स्थापन झालेली व्हेसुव्हियस वेधशाळा या परिसरावर रात्रंदिवस नजर ठेवते. जमिनीत बसवलेली यंत्रे तिचा कल मोजतात, उपग्रह तिची उंची मोजतात, वाफेतल्या वायूंची तपासणी होते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘निसार’ हा भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह सोडला गेला. दर बारा दिवसांनी तो तीच जमीन रडारने पाहतो आणि तिच्या उंचीतला सेंटिमीटरभर फरकही टिपू शकतो. ज्वालामुखी असो, खचणारा डोंगर असो वा उपशामुळे बसणारी शहरी जमीन असो, ती किती सरकली हे त्यातून कळेल.

भिंतीवरची पेन्सिल

उपग्रह जे करतो, तेच घरीही करता येते. भिंतीला चीर पडली की घाबरूही नये आणि लगेच पुट्टी भरून ती झाकूही नये. चिरेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. चिरेवर आडवी प्लॅस्टरची पातळ पट्टी लावून ठेवावी. पट्टी तुटली नाही आणि चीर खुणेपुढे गेली नाही, तर ती जुनी, थांबलेली चीर आहे. उन्हाळ्यात रुंदावली आणि पावसात मिटली, तर काळ्या मातीचा खेळ आहे. पायाशी पाणी साचू न देणे हा त्यावरचा उपाय. पण महिन्यागणिक ती वाढतच चालली असेल, तिरकी धावत असेल, तर जाणत्या इंजिनीअरला दाखवायला हवी.

भट्टीजवळ काम करणारा भिलाईचा कामगार हे वेगळ्या शब्दांत रोज जगतो. आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. समोरचा काटा सांगतो, त्यावर त्याचा भरवसा. काटा वर गेला आणि त्याने काम थांबवले, पण पुढे काहीच झाले नाही, तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पाळी संपवून तो सुखरूप घरी येतो, एवढे घरच्यांना पुरे असते.

पोझ्झुओलीत आज कोणीतरी असाच एक काटा पाहत बसले आहे. तो पुढे-मागे खरा ठरो वा न ठरो, निघायची वाट आधीच पाठ करून ठेवावी, एवढे राबाऊलच्या म्हाताऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे.